चेअरमनच्या आधी कोण लिहिणार

आमच्या दूध संस्थेचा टेम्पो डिझेलवर चालत नव्हता, चिठ्ठीवर चालायचा.

रोज सकाळी चेअरमन बापाक प्रावितो आपल्या घराच्या ओसरीवर बसून चिठ्ठीवर सही करायचे. सेक्रेटरी इबू मुरतिनी तिच्यावर शिक्का मारायच्या. मग ड्रायव्हर कांग पारिजो ती चिठ्ठी टोपीत खोचायचा आणि टेम्पो डोंगरावर आणायचा. बापाक म्हणजे बाबा, इबू म्हणजे बाई, कांग म्हणजे दादा; हे आमच्याकडे नावाआधी मानानं लावायचे शब्द. चिठ्ठीचा नियम पडला कारण फार वर्षांपूर्वी एक ड्रायव्हर दुधाच्या कॅनसकट टेम्पो घेऊन मेहुण्याच्या लग्नाला गेला होता. तो ड्रायव्हर मेला, त्या मेहुण्याची नातवंडं शाळेत जायला लागली, नियम मात्र जागचा हलला नाही. चेअरमन कुणाच्या लग्नाला गेले की टेम्पो ऑफिसपुढच्या फणसाखाली उभा. चेअरमनना सर्दी झाली की टेम्पोला सर्दी.

आणि तेवढा वेळ मी वरच्या केंद्रावर दुधाच्या कॅनशेजारी बसलेली.

वरचं केंद्र माझ्याकडे आहे. उजाडायच्या आत बायका दूध घेऊन येतात, मी लॅक्टोमीटर बुडवते, गाळून कॅन भरते आणि रस्त्याकडे तोंड करून बसते. ऊन वर चढायला लागलं की बायका माझ्याकडे बघतात आणि मी रस्त्याकडे. शहरातल्या चिलिंग प्लँटनं आमचं नासलेलं दूध दोनदा परत पाठवलं होतं. दुसऱ्या खेपेला निरोप आला की आता पुन्हा असं झालं तर वरचं केंद्र बंद. टेम्पो वर चढणार नाही, ज्याचं दूध त्यानं खालच्या केंद्रावर आणून घालावं.

आमचा उतार असा आहे की शेळीसुद्धा मध्यावर बसून दम खाते. वरच्या निम्म्या घरांतले पुरुष शहरात बांधकामावर. दूध काढायचं बायकांनी, हत्तीगवत कापायचं बायकांनी. त्यात आणखी कॅन डोक्यावर घेऊन खाली जायचं म्हटलं तर त्यांनी गाय विकूनच टाकली असती. माझ्या शेजारच्या सुतिनीनं तर गिऱ्हाईक बघायला सुरुवातही केली होती. मी तिला म्हटलं, "जरा थांब." कशासाठी थांब, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

त्याच सुमारास ऑफिसात वेनिंग आली. सेमारांगला शिकलेली, हिशेब लिहायला ठेवलेली, चालताना कायम घाईत. आठवडाभर तिनं चिठ्ठीचा प्रवास बघितला आणि एके दिवशी टेम्पोत बसून वर आली.

"म्बाह गिनेम, तुमचं दूध तयार झालं हे ऑफिसला कधी कळतं?" म्बाह म्हणजे आजी.

"दुधाबरोबर चिठ्ठी देते ना मी. किती दूध आहे ते लिहून."

"म्हणजे दूध खाली पोचल्यावर कळतं की दूध होतं?"

"हो. नाहीतर कसं कळणार?"

ती माझ्या कॅनवर बसली. मग तिनं फोन काढून मला एक तक्ता दाखवला. सगळ्यांचा तक्ता, असं तिनं त्याला नाव दिलं होतं. एकच तक्ता, पण सगळ्यांच्या फोनमध्ये. मी वरून लिहायचं, 'दूध तयार, इतकं.' ते पारिजोला खाली त्याच क्षणी दिसणार. तो लिहिणार, 'निघालो.' ते मला दिसणार. कुणाला बर्फ हवा, कॅन हवा, तर त्याचा रकाना वेगळा. सही नको, शिक्का नको, फणसाखाली थांबायला नको.

मला तक्ता आवडला. मोठेपणी बायकांच्या वर्गात अक्षरं गिरवली त्याचा शेवटी काहीतरी उपयोग होणार होता.

तक्त्यासाठी सभा बोलावली. आमच्या सभा चटईवर असतात. मध्ये केळीच्या पानात गुंडाळलेले लेंपेर, उकडलेल्या शेंगा आणि गोड चहा. चेअरमन पहिला लेंपेर उचलत नाहीत तोवर कुणी हात पुढे करत नाही, आणि चेअरमन भाषण संपल्याशिवाय लेंपेर उचलत नाहीत. भात गार होतो, आतली कोंबडी गार होते, माणसं गार होतात, पण रीत म्हणजे रीत.

बापाक प्रावितो सत्तरीचे, पण केस डांबरासारखे काळे. ते केस दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी काळे होतात हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, आणि गावात कुणालाही ठाऊक नाही. त्यांनी प्रगतीवर बरंच काही सांगितलं, मग वेनिंगनं तक्ता दाखवला.

"कुणाला काही शंका?" तिनं विचारलं.

"इंग्गिह," सगळे म्हणाले. हो जी.

"जमेल ना सगळ्यांना?"

"इंग्गिह."

"उद्यापासून सुरू करायचं?"

"इंग्गिह, इंग्गिह."

पोरगी आनंदानं लाल झाली. सभा सुटल्यावर माझा हात धरून म्हणाली, "म्बाह, कुणी विरोधच केला नाही!"

"न्दुक, पोरी," मी म्हटलं, "त्याचीच मला भीती वाटते. आमच्याकडचं इंग्गिह म्हणजे 'तू बोललीस ते ऐकलं'. पटलं, करतो, असं त्यात कुठेच नसतं."

"पण मग नाही तरी म्हणायचं!"

"तोंडावर नाही म्हणायला आम्ही काय जंगलातून आलो?"

दुसऱ्या दिवशी तक्ता रिकामा. तिसऱ्या दिवशी रिकामा. वेनिंगला वाटलं, लोकांना फोन चालवता येत नसेल. मी तिला सांगितलं, पारिजो त्याच फोनवर कबुतरांच्या शर्यती बघतो, इबू मुरतिनी त्याच फोनवर सुनेशी भांडतात. येत नाही असं नाही. उलट सगळे दिवसातून दहादा तक्ता उघडून बघत होते. उघडायचा, रिकामा आहे ना याची खात्री करायची आणि एकमेकांना फोन करायचा.

"तक्ता बघितलास?"

"बघितला. अजून काही नाही."

"हो, माझ्याकडेही काही नाही."

मग मी तक्ता नीट बघितला आणि मला कळलं. वेनिंगनं मान द्यायचा म्हणून सगळ्यात वरची ओळ पिवळी करून तिथे लिहिलं होतं: माननीय चेअरमन बापाक प्रावितो. आणि पुढची जागा मोकळी.

"हे कशाला ठेवलंस?"

"आदरानं ठेवलं, म्बाह. त्यांनी वाटलं तर लिहावं."

"मग झालं. ते लिहीत नाहीत तोवर त्यांच्या खाली कोण लिहिणार? तू पंगतीत यजमानाचं ताट मांडून ठेवलंस आणि यजमान आलेच नाहीत. आता सगळे हात धुऊन बसलेत."

"पुसून टाकू ती ओळ?"

"चेअरमनचं नाव पुसणार? सगळ्यांच्या फोनमधून?"

तिनं डोक्याला हात लावला. तेव्हा आम्ही दोघी बापाक प्रावितोंच्या घरी गेलो.

ते ओसरीवर होते. डोक्यावर पिंजरा टांगलेला, त्यात त्यांचं लाडकं पारवं. वेनिंगनं दोन्ही हात जोडून, कमरेत वाकून, आडवळणानं विषय काढला. बापाकना कधी सवड मिळाली, प्रकृती बरी असली, आणि मनात आलं तर.

"माझं लक्ष आहे त्याच्यावर," चेअरमन म्हणाले. "पण पहिलं वाक्य आहे ते. घाईत लिहून चालत नाही. मी मसुदा करतोय."

"बापाक, नुसतं 'टेम्पो जाऊ दे' असं लिहिलं तरी पुरे आहे."

"पोरी, मी काय टेम्पोचा क्लीनर आहे?"

मी म्हटलं, "बापाक, वरचं दूध नासतंय."

"गिनेम, मला काळजी आहे," ते म्हणाले. मला ते नावानं हाक मारतात, जसं आपल्यापेक्षा लहान माणसाला मारतात. "तुझ्या केंद्राचा विचार मी सगळ्यात आधी करीन."

आम्ही निघालो तेव्हा आतून त्यांच्या बायकोचा आवाज येत होता. नातवाच्या जेवणावळीची तयारी होती आणि भावाला काहीतरी कळवायचं राहिलं होतं. "अहो, हातात फोन घेऊन बसलाय तर तेवढं तरी लिहा!"

आम्ही फाटकाबाहेर पडत नाही तोच वेनिंगचा फोन वाजला. माझाही वाजला. समोरून पारिजो टेम्पो घेऊन येत होता, त्याचाही वाजला. चेअरमननी तक्त्यात लिहिलं होतं!

आम्ही तिघांनी एकदम वाचलं. पिवळी ओळ रिकामीच होती. मजकूर वरच्या केंद्राच्या ओळीत, 'काय लागणार' या रकान्यात पडला होता: चार बदकं. मोठी बघून. रविवारच्या आत.

"बदकं?" वेनिंग म्हणाली.

"चार," पारिजो म्हणाला.

"अहो, हे भावाला पाठवायचं होतं. चुकून इथे पडलंय. मी परत जाऊन सांगते त्यांना."

पारिजोनं टेम्पोतून खाली उडी मारली आणि रस्ता अडवून उभा राहिला. "काय सांगणार? 'बापाक, तुम्ही चुकलात'? मग ते काय म्हणणार? 'हो, चुकलो'? फाटकात उभं राहून? माझ्यासमोर?" त्याचा चेहरा खरोखर घाबरला होता. "मला बघायचंसुद्धा नाही ते."

ऑफिसात इबू मुरतिनींची हीच गत. त्यांना फक्त एकच प्रश्न पडला होता, बदकं कोणत्या खात्यावर टाकायची. पशुखाद्य की अवजारं? शेवटी अवजारांवर टाकली. चेअरमननी नेहमीप्रमाणे न वाचता बदकांच्या चिठ्ठीवर सही केली, शिक्का बसला, आणि रविवारच्या आत माझ्या दारात टेम्पो आला. मागे रिकामे कॅन आणि कॅनच्या वर पाय बांधलेली चार बदकं, शिव्या देत.

"पारिजो, हे काय?"

"बदकं, म्बाह."

"ते दिसतंय मला. यांचं मी काय करू?"

"वरून आदेश आहे."

"वर मी राहते. तू खालून आलास."

"म्बाह, सही करा ना. मिळाली म्हणून."

मी सही केली. बायका गोळा झाल्या. सुतिनीचं म्हणणं पडलं की दुधात पाणी असेल तर बदकाला वासानं कळतं. दुसरी म्हणाली, प्लँटवाल्यांनीच पाठवली असतील, नजर ठेवायला. तेव्हापासून बायका बदकांसमोर दूध ओतताना जरा सरळ उभ्या राहायला लागल्या. बदकांनी पहिल्याच दिवशी माझा माठ उलटा केला.

इथवर ठीक होतं. पण खालच्या केंद्राच्या तुगिमानला राहवेना. त्याचं केंद्र आमच्या तिप्पट मोठं आणि त्याला एकही बदक नाही. चेअरमननी एकदा लिहिलं होतं, म्हणजे आता त्यांच्या खाली त्याच विषयावर लिहायला हरकत नव्हती. त्यानं लिहिलं: बापाकांचा बदकांचा निर्णय दूरदृष्टीचा आहे. खालच्या केंद्राची पाळी कधी?

त्याच्याखाली नदीकाठच्या केंद्रानं लिहिलं: आमच्याकडे तळंही आहे. इबू मुरतिनींनी लिहिलं: अर्ज लक्षात घेतले आहेत. पारिजोनं लिहिलं: बदकांसाठी टेम्पोत टोपली हवी, कॅन घसरतात. मग टोपली कुठली, बांबूची की वेताची, यावर पानभर चर्चा झाली.

वेनिंग धावत माझ्याकडे आली. "म्बाह, तक्ता चालू झाला!"

"झाला. बदकांपुरता."

खरंच तसं होतं. दुधाबद्दल चेअरमन काही बोलले नव्हते, म्हणून दुधाबद्दल कुणी लिहीत नव्हतं. मी धीर करून एकदा लिहिलं, 'वरचं दूध तयार.' लगेच मुरतिनींचा फोन. "म्बाह, पुसा ते. बापाक अजून झोपलेत. ते उठायच्या आत तुम्ही तक्ता उघडलात असं दिसेल." मी पुसलं. टेम्पो फणसाखाली, दूध माझ्याजवळ. त्या आठवड्यात आम्ही बायकांनी कॅन ओढ्याच्या पाण्यात बुडवून कसंबसं दूध वाचवलं. एकदा इतकं काठावर आलं की पारिजोनं परत आल्यावर सांगितलं, प्लँटच्या माणसानं वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि तरी घेतलं.

मग प्लँटचे साहेब स्वतः येतो म्हणाले. वरचं केंद्र ठेवायचं की बंद करायचं, ते सभेतच ठरणार होतं.

सुतिनीनं मला विचारलं, "गिऱ्हाईकाला काय सांगू?"

"सभा होऊ दे," मी म्हटलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

साहेब समुद्रापलीकडच्या बेटावरचे, आडवळणानं बोलणं त्यांना माहीतच नव्हतं. चटईवर बसले, चेअरमनचं भाषण चालू असतानाच लेंपेर उचलला आणि खायला लागले. आम्ही सगळ्यांनी नजर खाली घातली. मग हात पुसून त्यांनी फोन काढला.

"तुमच्या ऑफिसातल्या मुलीनं मला हा तक्ता पाठवलाय. चांगला आहे. पण यात दूध कुठाय? सगळी बदकं आहेत. ही बदकं कोणी मागवली?"

चटईवर शेंगा सोलणारा माणूस शेंग तशीच धरून बसला. चेअरमनचे कान लाल झाले. चहा येतो त्या दाराशी त्यांची बायको किटली घेऊन उभी होती. नातवाच्या जेवणावळीत ऐनवेळी कोंबड्या कापाव्या लागल्या होत्या आणि भावाला तिनं गावभर नावं ठेवली होती. 'बदकं' हा शब्द ऐकताच तिनं नवऱ्याकडे बघितलं.

मला एकच गोष्ट कळत होती. आत्ता या माणसाची लाज गेली तर तक्ता कायमचा गेला. तक्ता गेला की चिठ्ठी राहिली, आणि चिठ्ठी राहिली की आमचं केंद्र गेलं.

चेअरमननी घसा साफ केला. "प्रयोग," ते म्हणाले.

"काय?"

"बदकं हा प्रयोग होता. लोक तक्ता वाचतात की नाही, वाचून काम करतात की नाही, हे मला बघायचं होतं. दूध लिहिलं असतं तर काय कळलं असतं? दूध तर ते रोजच आणतात."

"इंग्गिह!" सगळी चटई एका सुरात म्हणाली. इतकं मनापासूनचं इंग्गिह मी त्या खोलीत कधी ऐकला नव्हता. तुगिमान तर पुढे होऊन म्हणाला, "मला शंका आलीच होती." फक्त चहाच्या दारातून किटली आदळल्याचा आवाज आला.

साहेबांनी खांदे उडवले. "बरं. प्रयोग झाला. आता माझं ऐका. वरचं दूध उजाडताना निघालं तर मी केंद्र ठेवतो. त्यासाठी उजाडायच्या आधी तक्त्यात कुणीतरी 'निघा' लिहायला पाहिजे. कोण लिहिणार?"

सगळ्यांनी चेअरमनकडे बघितलं.

चेअरमननी छताकडे बघितलं. बापाक प्रावितो ऊन चांगलं वर आल्याशिवाय उठत नाहीत. हेही गावाला ठाऊक आहे आणि कुणालाही ठाऊक नाही.

"ड्रायव्हरनं लिहावं," साहेब म्हणाले.

"मी?" पारिजो चटईवरून मागे सरकला. "बापाकांच्या आधी?"

"मग सेक्रेटरीनं."

"अय्या, नको," इबू मुरतिनी म्हणाल्या.

"या मुलीनं?"

वेनिंगनं तोंड उघडलं, पण मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. ती लिहायला तयार होती. पण ती लिहिणार आणि खाली कुणीच लिहिणार नाही, आणि साहेब निघून गेले की चेअरमन महिनाभर तिच्याशी बोलणार नाहीत.

साहेबांनी फोन खिशात टाकला. "म्हणजे कुणीच नाही. मग वरचं केंद्र..."

"मी लिहिते," मी म्हटलं.

सगळे वळले. मुरतिनींनी डोळे मोठे केले. चेअरमनची भुवई वर गेली. "गिनेम?"

"हो. माझा हक्कच आहे तो. मी तुमच्यापेक्षा मोठी आहे."

आमच्यात वयानं मोठा असेल त्यानं आधी बोललं तर त्यात कुणाचा अपमान होत नाही, मग समोर चेअरमन असो की राजा असो. अडचण एवढीच होती की मी मोठी नाही. माझा थोरला भाऊ सामिदी आणि बापाक प्रावितो एका वर्गात होते. सामिदी माझ्यापेक्षा चार पावसाळे मोठा.

"मोठी?" चेअरमन म्हणाले. "तू?"

"विसरलात वाटतं. डोंगरातून राख पडली त्या वर्षी तुमची आई कापणीला गेली की तुम्हाला माझ्या कडेवर देऊन जायची. काय जड होतात! माझी कंबर त्या वर्षापासून धरली ती धरलीच."

खरं तर त्या राखेच्या वर्षी मी स्वतःच कुणाच्या तरी कडेवर असणार. तुगिमानचं तोंड उघडलं. त्याची आई सामिदीच्या शेजारची, त्याला सगळा हिशेब माहीत. इबू मुरतिनींनी पानातला एक लेंपेर सोलला आणि त्याच्या हातात कोंबला. "खा हो तुम्ही. गार होतंय."

मी चेअरमनकडे बघत होते. त्यांच्या तोंडावर आधी राग होता. मग तो थबकला. त्यांनी एकदा माझ्या पांढऱ्या अंबाड्याकडे बघितलं, मग हळूच हात स्वतःच्या काळ्या केसांवरून फिरवला. सगळ्या सभेसमोर, शहरातल्या साहेबांसमोर, कुणीतरी त्यांना लहान म्हटलं होतं. नुसतं लहान नाही, कडेवरचं.

"मला अंधुक आठवतंय," ते म्हणाले.

"तुम्ही फारच लहान होतात, बापाक. तुम्हाला कसं आठवणार."

"तसा मी तुम्हा सगळ्यांत लहानच होतो," ते आजूबाजूला बघत म्हणाले. "लोकांना वाटत नाही, जबाबदारीमुळे."

"इंग्गिह," चटई म्हणाली.

"मग ठीक आहे. उजाडायच्या आधी म्बाकयू गिनेम लिहितील. बाकीच्यांनी त्यांच्या खाली लिहावं. मी... नंतर बघून मान्यता देईन." चाळीस वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा थोरल्या बहिणीची हाक मारली. मी मान हलवली. थोरली बहीण वाकत नाही, नुसती मान हलवते. मला ते लगेच जमलं.

साहेबांनी आम्हा सगळ्यांकडे वेड्यांच्या गावात आल्यासारखं बघितलं. "म्हणजे या आजी लिहिणार. एवढंच ना? आधीच का नाही सांगितलंत?" आणि त्यांनी केंद्र चालू ठेवायला हो म्हटलं. त्यांचं हो म्हणजे होच असतं, ते एक बरं.

बाहेर पडल्यावर वेनिंग हसायला लागली ती थांबेना. "म्बाह, किती खोटं! आणि सगळ्यांना माहीत होतं!"

"माहीत होतं म्हणून तर चाललं."

"मी इतके दिवस समजावत होते की तक्ता किती सोपा आहे."

"तो सोपा आहेच, न्दुक. माणसं अवघड आहेत. पण ती एकदा वळली की ढकलावी लागत नाहीत."

बातमी माझ्या आधी घरी पोचली होती. सामिदी उंबऱ्यात बसला होता, काठी आडवी धरून.

"तू प्रावितोपेक्षा मोठी, असं सांगितलंस?"

"हो."

"प्रावितो आणि मी एका वयाचे."

"हो."

"मग मी कोण?"

मी थोडा विचार केला. उगाच वाद नको म्हणून खरं ते सांगितलं. "तू आता धाकटा."

दुसऱ्या दिवशी कोंबडं आरवायच्या आत बायका आल्या. सुतिनी गिऱ्हाईकाला नाही सांगून आली होती आणि तिची गाय नेहमीपेक्षा जास्त दूध देत होती, असं तिचं म्हणणं. मी कॅन भरले, चष्मा लावला आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं: वरचं दूध तयार. निघा.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग खालच्या केंद्राची ओळ हलली: आमचंही तयार, म्बाह. मग नदीकाठची. मग पारिजो: निघालो. चिठ्ठी नव्हती म्हणून त्याला टोपी मोकळी मोकळी वाटत होती, असंही त्यानं पुढे लिहिलं. थोड्याच वेळात वळणावर टेम्पोचा दिवा दिसला.

कॅन रस्त्यापर्यंत न्यायचे होते. सामिदी अजून उंबऱ्यातच, तोंड फिरवून.

"ऊठ," मी म्हटलं.

"कशाला?"

"थोरल्या बहिणीचे कॅन धाकट्या भावानं उचलायचे असतात. बापाक प्रावितो तक्ता बघतायत. त्यांना काय वाटेल?"

तो सत्तर वर्षांचा माणूस पुटपुटत उठला, एक कॅन उचलून दोन पावलं गेला आणि मग मागे वळून म्हणाला, "इंग्गिह, म्बाकयू." बायका इतक्या हसल्या की दूध सांडता सांडता वाचलं.